मागच्या माणसाची हाळी

कंपनीची ड्रायव्हिंग टेस्ट म्हणजे आरटीओची टेस्ट नव्हे. आरटीओत आठचा आकडा काढला, साहेबाने मान हलवली, की झालं. कंपनी मात्र स्वतःची गाडी तुमच्या हातात देणार असते, म्हणून ती तुम्हाला सोलून बघते. हे मला आधीपासून माहीत होतं, कारण सांगणारा माणूस घरचाच होता. माझे सख्खे मामा, संपतमामा. त्यांचं नाव बद्दू करायला मी हे सांगत नाहीये. खरं तर त्यासाठीच सांगतोय, उगाच खोटं कशाला बोलू.

मी गोकुळ. वरवंडच्या पुढे कॅनॉलच्या कडेला आमची वस्ती आहे. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. दिवाळी झाली की गेणबा आजोबा कळप घेऊन घाट उतरायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. मेंढरं गेली, कांदा आला, ऊस आला, पण घरात एक रीत राहून गेली. कळप चालत असताना पुढचा माणूस मागं वळून बघत नाही. मागं आपलाच माणूस असतो, तो हाळी देतो, आणि पुढचा त्या हाळीवर चालतो, थांबतो, वळतो. मान वळवून बघितलं तर मागच्याला ते लागतं. माझ्या चुलत आजोबांनी एकदा असं बघितलं, तर दोघे भाऊ एका चुलीवर जेवत असूनही वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत.

मामांनी मला ट्रक शिकवला तो ह्याच रीतीने. त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी दहा चाकी आहे. ते रांजणगावच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीला आहेत, कंपनीचं नाव मी घेत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी फिरवतात. ऊस तुटून गेला की रिकाम्या रानात ते मला ती चालवायला द्यायचे. रिव्हर्स घेताना ते मागं उभे राहायचे. "येऊ दे, येऊ दे, डाव्या हाताला दाब, येऊ दे." आणि थांबायचं असलं की गाडीच्या मागच्या फाळक्यावर हाताची एक थाप. मी आरशात बघायचो, पण खरं ऐकायचो ते मामांना. पाच वर्षांत त्यांच्या हाळीवर माझ्या गाडीला साधा ओरखडा गेला नाही.

ही नोकरी मला का हवी होती ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझी बायको अक्षदा रांजणगावात वायरिंगच्या कंपनीत शिफ्टला आहे. तिथंच एका खोलीत राहते. मी वरवंडात, दुसऱ्याच्या पिकअपवर भाजी घेऊन पुण्याला. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातले आम्ही एकत्र जेवलेले दिवस बोटांवर मोजावेत. ती सुट्टीला यायची, अर्धा दिवस आईबरोबर कामात जायचा, उरलेल्या अर्ध्यात कपडे धुऊन पिशवी भरायची. मामांच्या कंपनीत रांजणगाव ते चाकण अशा फेऱ्या होत्या. सकाळी जायचं, संध्याकाळी खोलीवर. म्हणजे अक्षदाच्या खोलीवर. मला एवढंच पाहिजे होतं.

मामा म्हणाले, "दोन जागा निघाल्यात. तू आन् हृतिक, दोघंबी या."

हृतिक म्हणजे मामांचा जावई, यवतचा. मोनिकाचा नवरा. लहानपणी मोनिकाचं माझ्याशी जमवायचं मोठ्यांचं बोलणं होतं, ते तसंच हवेत राहिलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. हृतिक गडी चांगला आहे, फक्त गाडी मागं घेताना त्याची भंबेरी उडते. स्वतःच्या लग्नाच्या हळदीला पिकअप मागं घेताना त्याने कार्यालयाचं गेट वाकवलं होतं आणि वर म्हणाला होता, गेटच पुढं आलं.

टेस्टच्या आठवडाभर आधी मामा आमच्याकडे जेवायला आले. पिठलं-भाकरी खात खात त्यांनी मला अकरा गोष्टी सांगितल्या, आणि सुट्टीवर आलेल्या अक्षदाने त्या मोबाइलमध्ये लिहून घेतल्या. गाडीत चढायच्या आधी पूर्ण फेरी मार, तुला कुणी सांगायची वाट बघू नको. लोखंडी टॉमीनं टायर ठोक, आवाज ऐक. लाइट, आरसे, खालचं गळतंय का बघ. चढताना उतरताना दोन हात आन् एक पाय कायम धरलेला पायजे, उडी मारली की नापास. आधी बेल्ट, मग किल्ली. ब्रेकच्या हवेचा काटा वर आल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. उतारावर न्यूट्रल करायचं न्हाई, डिझेल वाचवायची आपली सवय घरी ठेवून जा. पुढच्या गाडीपासून अंतर. मोबाइल बंद. उगा हॉर्न न्हाई. आन् शेजारी बसलेला माणूस बोलत नसला तर आपणबी बोलायचं न्हाई, तो गप बसूनच बघतो.

मी ते पाठ केलं. अक्षदा तर फोनवर रोज उजळणी घ्यायची. एखादी गोष्ट राहिली की म्हणायची, "न्यूट्रल राहिलं. तिथंच ऱ्हा आता वरवंडात." पिकअपच्या मालकाला मी आधीच सांगून टाकलं की दुसरा माणूस बघा, आणि त्याने तिसऱ्या दिवशी बघितलाही. इतका मला भरवसा होता.

टेस्टच्या दिवशी सकाळी गेटवर आम्ही टेस्ट देणारे चौघं होतो, बाजूला मामा. टेस्ट घेणारे बबनराव म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "जागा दोन व्हत्या, काल एक कमी झाली. एकच हाय. ज्याचं काम चांगलं त्याला मिळंल." मी मामांकडे बघितलं. ते खिशातून चष्मा काढून पुसत होते. मला वाटलं, त्यांनाही आत्ताच कळलं असेल.

एक जण डोळ्यांच्या तपासणीतच गेला. दुसरा गाडीची फेरी न मारता थेट चढून बसला, त्याला बबनरावांनी तसाच खाली उतरवला. उरलो मी आणि हृतिक. आधी माझा नंबर.

कागदपत्रं बघितली, मग गाडी. बंद बॉडीचा कंटेनर, म्हणजे मागचं काचेतून काही दिसत नाही. मी फेरी मारली, सगळे टायर ठोकले. मागच्या डाव्या बाजूचा आतला टायर बद्द वाजला. मी सांगितलं, "साहेब, ह्यात हवा कमी हाय." बबनरावांनी कागदावर खूण केली. नंतर कळलं की हवा त्यांनीच कमी करून ठेवली होती. म्हणजे ही माणसं फसवून बघतात हे मला तिथंच कळायला हवं होतं. नाही कळलं. टायर सापडल्याच्या आनंदात मी होतो.

रस्त्यावर तर मी स्वतःवरच खूश झालो. नगर रोडने शिरूरकडे निघालो. कंपन्यांच्या बसगाड्या, शिफ्टला चाललेल्या टू-व्हीलर, मध्येच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, गाणी लावून. मी घाई केली नाही. अर्धा किलोमीटर त्याच्या मागंच चाललो, रस्ता मोकळा दिसल्यावर आरसा, इंडिकेटर, मग पुढे. उतारावर गिअरमध्ये. बबनराव शेजारी गप बसून लिहीत होते, मीही गप. शिरूरच्या अलीकडे वळून परत निघालो तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "कुणी शिकवलं तुला?"

"संपतमामांनी."

ते पुन्हा लिहायला लागले. माझा मात्र ऊर भरून आला.

परत यार्डात आलो. बबनराव उतरले आणि खालून म्हणाले, "तीन नंबरच्या डॉकला मागं लाव. घाई न्हाई. तुला जे बघायचं ते बघ. मागं संपतराव उभे हायेत."

मी उजव्या आरशात बघितलं. डॉकच्या, म्हणजे माल चढवायच्या ओट्याच्या, शेजारी मामा उभे होते, नेहमीसारखे, एक हात कमरेवर. खरं सांगतो, उतरून एकदा बघावं असं माझ्या मनात आलं होतं. यार्ड नवीन, गाडी नवीन, डाव्या बाजूचं काही दिसत नव्हतं. माझा हात दाराच्या कडीवर गेलाही होता. पण मागं मामा. मी उतरून बघायला गेलो असतो तर सगळ्या यार्डासमोर त्यांना म्हटल्यासारखं झालं असतं की तुमच्यावर माझा भरवसा नाही. मी हात मागं घेतला.

"येऊ दे," मामा म्हणाले. "येऊ दे. डाव्या हाताला दाब. येऊ दे, येऊ दे."

मी येऊ दिलं. मग मागून धप्प असा आवाज आला आणि काहीतरी गडगडत गेलं. मी दाबला तो ब्रेक इतका जोरात की माझंच डोकं पुढे गेलं. उतरून मागं पळालो. डॉकच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेला एक रिकामा ड्रम आडवा पडला होता, तांबडे-पांढरे पट्टे मारलेला. आम्ही शिरूरला गेलो तेव्हा तो तिथं आणून ठेवला होता. मामा त्याच्यापासून पाच पावलांवर उभे होते. आंधळ्यालाही दिसेल इतका तो ड्रम त्यांच्या समोर होता.

बबनराव शांतपणे म्हणाले, "ही टेस्टच हाय, पोरा. दीड वर्षापूर्वी ह्याच डॉकवर कुणीतरी येऊ दे म्हणलं आन् एका लोडरचा पाय गेला. तवापास्नं आम्ही असं बघतो. मागं बाप उभा असू दे, डायव्हरनं खाली उतरून डोळ्यांनी बघायचं. बाकी तुझं काम एक नंबर हाय. सहा महिन्यांनी परत ये."

कंपनीवर माझा राग नाही, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. नियम बरोबर आहे. एका माणसाचा पाय गेल्यावर असा नियम केलाच पाहिजे. आणि तुम्हाला हसू येईल, पण त्या क्षणी माझा मामांवरही राग नव्हता. उलट मला त्यांचं कौतुक वाटलं. म्हटलं, काय माणूस आहे, भाच्यालाही सूट नाही. कंपनीने सांगितलं गुपित ठेवा, यांनी ठेवलं. मी फाटकाजवळच्या झाडाखाली जाऊन बसलो, आणि अक्षदाला काय सांगायचं ते जुळवत राहिलो.

मग हृतिकचा नंबर आला. तो इतका वेळ गेटच्या खोलीत होता, तिथून डॉक दिसत नाही. तो शिरूरला जाऊन आला तोवर ड्रम उचलून पुन्हा त्याच कोपऱ्यात उभा केलेला होता. बबनराव उतरले, तेच बोलले. घाई न्हाई, मागं संपतराव उभे हायेत. मामांनी तोंडही उघडलं नव्हतं, त्याआधी हृतिकने हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले, दोन हात एक पाय धरून खाली उतरला आणि गाडीला वळसा घालून सरळ डाव्या कोपऱ्यात गेला. ज्या माणसाने स्वतःच्या हळदीत गेट वाकवलं, तो. त्याने ड्रम स्वतः उचलून बाजूला ठेवला, वर चढला आणि गाडी डॉकला लावली. जरा वाकडीच लावली, पण लावली.

तरी मी मनाला समजावत होतो. सुचलं असेल त्याला. पण तो माझ्याजवळ आला, घाम पुसत, आणि अगदी भोळेपणाने म्हणाला, "मामा काल म्हणाले तसंच निघालं बघ. हाळी ऐकू आली तरी उतर, म्हणाले, डाव्या अंगाला जाऊन बघ. तू कसा काय न्हाई उतरला? तुला न्हाई सांगितलं?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ते त्या झाडाखाली समजलं. हृतिकला कशाला बोलू. त्याचा काय दोष.

मामा कॅंटीनच्या मागं हात धूत होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. अजूनही मी त्यांना अहो-जाहोच केलं, जिभेला वळण पडलेलं असतं.

"मामा, काल जागा एक झाली ते तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"आन् मग तुम्ही यवतला गेला."

त्यांनी नळ बंद केला. रुमाल काढला, हात पुसले, बोटं एकेक करून पुसली. "गोकुळ, मोनिकाचं बघावं लागतं मला. तुझी बायको कमवती हाय. तुझं काय, आज न्हाई तर सहा महिन्यांनी."

"मग मला अकरा गोष्टी तरी कशाला सांगितल्या?"

"त्या जिवाच्या हायेत," मामा म्हणाले. "त्या मी कुणापासनंच ठेवत न्हाई. तू रस्त्यावर मरावास असं वाटतं व्हय मला?"

"बारावीबी जिवाचीच व्हती, मामा. लोडरचा पाय गेलाय तिथं."

ते रुमालाची घडी घालत राहिले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी बायकांच्या भांडणातली समजत होतो. पण मला खरं लागलं ते वेगळंच. जावयाला त्यांनी सांगितलं, ठीक आहे, लेकीसाठी माणूस करतो. मला नाही सांगितलं, तेही मी गिळलं असतं. पण मी त्यांच्या हाळीवर चाललो होतो. मी उतरणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. का उतरणार नाही हेही माहीत होतं. माझ्या मनातल्या त्यांच्याच मानाचा त्यांनी ड्रम केला आणि माझ्या मागं ठेवला.

अक्षदाच्या खोलीवर गेलो तेव्हा ती पहिली शिफ्ट करून आली होती. दोरीवर माझ्या कपड्यांसाठी अर्धी जागा मोकळी केलेली, पलंगावर नवी उशी, अजून प्लास्टिकमध्ये. मी सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग फक्त विचारलं, "ड्रम पडला तवा मामा कुठं बघत व्हते?"

मला ते तेव्हा आठवलं. मामा ड्रमकडे बघत नव्हते. आरशात, माझ्याकडे बघत होते.

मी त्याच संध्याकाळी न्हावऱ्यावरून मोटरसायकलने वरवंडला परत आलो. उशी तिथंच राहिली. पिकअप गेलेली होती, म्हणून मी रानातच कामाला लागलो.

आईला मी काय ते सांगितलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही, पण भावाला तोडता येतं का? दोन महिन्यांनी कांद्याच्या रानाला लेंडीखत हवं होतं, तेव्हा तिनेच मामांना फोन केला. ते आपली दहा चाकी भरून घेऊन आले. मी बांधावर उभा होतो. मी राम राम म्हणालो, त्यांनीही म्हटलं.

खत टाकायची जागा आमच्या विहिरीच्या अलीकडे आहे. विहीर जुनी, तिला कठडा नाही. रस्त्यावरून गाडी उलटीच आणावी लागते, आणि विहीर येते ती डाव्या अंगाला, मागं. पाच वर्षं मामा अशीच आणत आले, आणि मागं मी उभा राहत आलो. एकदाही त्यांनी खाली पाय ठेवला नव्हता.

"गोकुळ," त्यांनी खिडकीतून हाक मारली, "बघ रं मागं."

मी मागं जाऊन उभा राहिलो. खोटं सांगत नाही, मनात काय काय आलं. पण ते मनातच. तोंडातून निघालं ते बरोबरच निघालं. "येऊ द्या," मी म्हणालो. "येऊ द्या, मामा. सरळ येऊ द्या. चार हात जागा हाय. येऊ द्या."

गाडी जेमतेम हलली आणि थांबली. मला वाटलं गिअर सुटला. मग हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला. दार उघडलं. दोन हात, एक पाय धरून मामा सावकाश खाली उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या अंगाने मागं आले आणि विहिरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. पाय टाकत टाकत त्यांनी कड ते चाक एवढं अंतर मोजलं.

चार हात होतं.

ते माझ्याकडे न बघता परत गेले. मला ओरडून विचारावंसं वाटलं, मामा, तुम्हाला काय वाटलं मी कोण आहे? नोकरी गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. आता विहिरीशेजारी उभा राहून मला रडू आलं, कारण माझ्या हाळीवर यायला ते भ्याले होते, आणि ती भीती त्यांच्यात मी घातलेली नव्हती.

ते वर चढले. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. ते आरशातून माझ्याकडे बघत माझ्या हाळीची वाट पाहत होते. मी बाहीने तोंड पुसलं आणि म्हणालो, "येऊ द्या."